'डेट्रॉइट मेटल सिटी' पाहताना आपण नेमके कोणाला हसतो?

मध्यसप्तक (धागाकर्ता)

किमिनोरी वाकासुगी यांची 'डेट्रॉइट मेटल सिटी' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००५ ते २०१० या काळात 'यंग ॲनिमल' या जपानी नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे दहा खंड निघाले. २००८ साली 'स्टुडिओ फोर डिग्री सी'ने तिच्यावरून बारा छोट्या भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, केली. ही ॲनिमे मी नुकतीच पुन्हा पाहिली आणि एक जुना वाद डोक्यात परत सुरू झाला.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोइची नेगिशी हा ओइता प्रांतातील शेतकरी घरातला, शिक्षणासाठी तोक्योला आलेला अत्यंत भिडस्त मुलगा आहे. त्याला स्वीडिश पॉप आवडते आणि हातात गिटार घेऊन प्रेमाची नाजूक गाणी म्हणावीत एवढीच त्याची इच्छा आहे. प्रत्यक्षात त्याचे पोट भरते ते डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत गायल्या जाणाऱ्या कर्कश हेवी मेटल संगीताच्या बँडवर. चेहऱ्याला पांढरा रंग, कपाळावर 'खून' या अर्थाचे चित्राक्षर आणि अंगावर चिलखत चढवले, की तो योहानेस क्राउझर द्वितीय होतो. हा क्राउझर नरकातून आलेला दहशतवादी असून त्याने स्वतःच्या आईवडिलांचा जीव घेतला आहे, अशी त्याच्या चाहत्यांची ठाम समजूत आहे.

ही मालिका हेवी मेटलच्या चाहत्यांची टिंगल करते, असे अनेक जण म्हणतात. माझे मत वेगळे आहे. मला वाटते, हसू येते ते नेगिशीचे, कारण ज्या गोष्टीची त्याला शिसारी आहे त्या गोष्टीत तो असामान्य आहे आणि ज्या गोष्टीवर त्याचा जीव आहे त्यात तो जेमतेम आहे. चाहते मात्र त्याला अगदी बरोबर ओळखतात. आपल्याला काय वाटते?

आसावरी_कुलकर्णी

मी पहिला भाग कसाबसा पूर्ण केला आणि तिथेच थांबले. त्या गाण्यांमध्ये खुनाबरोबर बलात्कार हा शब्द ज्या सहजतेने आणि ज्या वारंवारतेने येतो, त्यात मला विनोद दिसला नाही. हे सारे अतिशयोक्तीसाठी आहे, हे मला कळते; परंतु अतिशयोक्ती कशाची करावी याचीही निवड लेखकच करीत असतो. तेव्हा 'कोणाला हसतो' या प्रश्नाला माझे उत्तर असे, की मी कोणालाच हसले नाही.

कर्कशवाणी

आसावरीताईंचा आक्षेप रास्त आहे आणि त्यावर 'अहो, ते गमतीने घ्यायचे असते' असे म्हणून वेळ मारून नेता येणार नाही. मात्र मी गेली कित्येक वर्षे मेटल ऐकणारा माणूस आहे, म्हणून पार्श्वभूमीबद्दल थोडे लिहितो.

शीर्षक उघडपणे किस या अमेरिकन बँडच्या १९७६ सालच्या 'डेट्रॉइट रॉक सिटी' या गाण्यावरून घेतले आहे. चेहरा रंगवण्याची रीत काही अंशी किसकडून आणि बरीचशी नॉर्वेच्या ब्लॅक मेटल या सैतानी थाटाच्या मेटल प्रकाराकडून आली आहे. म्हणजे बँड स्वतःला डेथ मेटल म्हणवतो आणि मुखवटा ब्लॅक मेटलचा लावतो. कट्टर श्रोत्याला पहिला धक्का बसतो तो इथे, आणि माझ्या मते वाकासुगींना तो बसवायचाच असावा. नॉर्वेतील काही तरुणांनी हे सैतानी बोलणे शब्दशः घेतले आणि १९९२ साली बर्गनजवळचे फान्टोफ्टचे लाकडी चर्च जाळले गेले. त्या इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहिले, तर नरकाचा दहशतवादी घरी येऊन मुकाट्याने आपल्या खोलीतल्या नीटनेटक्या गाद्या-उशांकडे पाहतो, या कल्पनेतील विनोद अधिक बोचरा होतो.

परंतु खरा जपानी पूर्वज वेगळाच आहे आणि त्याचे नाव सेइकिमा-टू. वासेदा विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९८२ साली हा बँड सुरू केला आणि १९८५ साली त्यांची पहिली तबकडी आली. गायक डेमन काक्का स्वतःला लाखभर वर्षे वयाचा राक्षस म्हणवतो. त्यांच्या कार्यक्रमाला 'मिसा' म्हणजे प्रार्थनासभा म्हणायचे, तबकड्यांना धर्मग्रंथ म्हणायचे आणि चाहत्यांना श्रद्धाळू म्हणायचे, असा सगळा थाट. आपण शतकाच्या अखेरीस विसर्जित होणार, असे त्यांनी आधीच जाहीर केले होते आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटे एकोणसाठ सेकंदांनी ते खरोखरच विसर्जित झाले. १९८९ साली हे राक्षस एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षअखेरच्या 'कोहाकु' या गानमैफलीत गायले, जी घरातली सगळी मंडळी एकत्र बसून पाहतात. पुढे काक्कासाहेब त्याच रंगवलेल्या तोंडाने सुमो कुस्त्यांच्या प्रक्षेपणात पाहुणे म्हणून बसले आणि डावपेचांवर अतिशय अभ्यासपूर्ण बोलले. ज्या देशात हे घडते, तिथे क्राउझर ही फार मोठी अतिशयोक्ती नाही.

चहाटळ

लाखभर वर्षे वय असूनही त्यांना निवृत्तिवेतन मिळत नसणार, म्हणूनच सुमोचे काम धरले असावे.

मध्यसप्तक

@कर्कशवाणी, सेइकिमा-टूचा संदर्भ अतिशय मोलाचा आहे. मात्र त्यातून एक फरक पुढे येतो. डेमन काक्काला आपण काय करीत आहोत हे पूर्ण ठाऊक आहे आणि तो त्यात रमला आहे. नेगिशीला तसे रमता येत नाही.

माझ्या मुद्द्यासाठी चाहत्यांचे एक दृश्य लक्षात घ्यावे. मंचासमोर पुढच्या रांगेत कपाळावर तेच अक्षर काढलेले एक टोळके कायम असते. नेगिशी घाबरला, गडबडला, एखाद्या वेळी मुलीसमोर गोंधळून भलतेच काही करून बसला, की हे लोक एकमेकांकडे पाहतात आणि त्या गोंधळाचा अर्थ लावू लागतात. तो पळाला तर नरकात परत जात आहे. तो गप्प राहिला तर शिकार हेरत आहे. काही केल्या त्यांची श्रद्धा डळमळत नाही, कारण प्रत्येक पुरावा त्यांच्याच बाजूने वळतो. हे निरूपण इतक्या गांभीर्याने चालते, की मला ते लोक मूर्ख वाटत नाहीत. ते उत्तम टीकाकार वाटतात, फक्त त्यांनी टीकेसाठी निवडलेला मजकूर लेखकाने कधी लिहिलेलाच नाही.

ओसाकावासी

मी कामानिमित्त बरीच वर्षे जपानात आहे, त्यामुळे चाहत्यांविषयी थोडे प्रत्यक्ष पाहिलेले सांगू शकतो.

इथल्या लहान सभागृहांना 'लाइव्ह हाउस' म्हणतात. तिकिटाव्यतिरिक्त दारातच पेयाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, ते बहुधा सहाशे येनच्या आसपास असतात, आणि ते कोणालाही चुकत नाहीत. बॅग, छत्री, कोट हे सारे नाण्यांवर चालणाऱ्या कपाटात ठेवले जाते. कचेरीतून थेट आलेला माणूस टाय सोडवतो, तो घडी करून कोटाच्या खिशात ठेवतो, आतून काळा टी-शर्ट बाहेर येतो आणि मग तो रांगेत उभा राहतो. गाणे सुरू झाले, की तो मान मोडेपर्यंत डोके हलवतो. दोन गाण्यांच्या मध्ये मात्र सभागृहात अशी शांतता पसरते, की गायकाने पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले तरी ऐकू यावे. परदेशी बँड पहिल्यांदा आले, की त्यांना वाटते आपण आपटलो. प्रत्यक्षात लोक पुढचे शब्द नीट ऐकता यावेत म्हणून थांबलेले असतात.

म्हणून मला ॲनिमेतले चाहते थोडे खोटे वाटतात. ते फार आरडाओरडा करतात. पण त्यांची निष्ठा आणि त्यांचा अभ्यास हे मात्र शंभर टक्के खरे आहे. 'बर्न' हे मेटलला वाहिलेले मासिक १९८४ पासून निघते आणि त्यात तबकड्यांना शंभरपैकी गुण देण्याची पद्धत आहे. कोणत्या तबकडीला किती गुण मिळाले होते, यावर माझे एक ज्येष्ठ सहकारी दुपारच्या जेवणात जे काही सुनावतात, ते ऐकले की क्राउझरचे चाहते मला सौम्य वाटू लागतात.

घशाचा_डॉक्टर

विषयांतर नाही, धाग्याशी संबंधितच आहे. क्राउझरसारखा आवाज काढल्याने घसा फाटतो, असा समज सर्वत्र आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या तरुण गायकांच्या पालकांना तर त्याची खात्रीच असते. गुरगुरण्याच्या या आवाजात खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या दुय्यम पडद्यांच्या घड्या, ज्यांना आम्ही खोटे स्वरतंतू म्हणतो, त्या कंप पावतात. मध्य आशियातील तुवा प्रांतातील लोक खर्जाहूनही खालचा जो कंठस्वर लावतात, त्यातही याच घड्या वापरल्या जातात, आणि ते म्हातारपणापर्यंत गातात. श्वासाचा आधार नीट असेल आणि घसा आवळला नसेल, तर हे शिकून, जपून करता येते. इजा होते ती ओरडण्याने. नवशिका माणूस गुरगुरतो असे समजून ओरडत असतो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतो.

नेगिशी शिक्षण न घेता पहिल्या दिवसापासून हे बिनचूक करतो. डॉक्टर म्हणून मला या मालिकेतली सर्वांत अविश्वसनीय गोष्ट तीच वाटली.

चहाटळ

डॉक्टरसाहेब, आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गुरगुरणारे आणि ओरडणारे दोन्ही प्रकार आहेत. आपले कार्ड पाठवून द्यावे.

शुभदा_डोंबिवली

धाग्यात 'अग्रेत्सुको'चा उल्लेख अजून कोणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते. हॅलो किटी ज्यांनी केली त्या सानरिओ कंपनीचीच ही मालिका. २०१६ पासून टीबीएस वाहिनीवर एकेका मिनिटाचे शंभर भाग दाखवले गेले आणि पुढे २०१८ ते २०२३ या काळात नेटफ्लिक्सवर तिचे पाच हंगाम आले. रेत्सुको ही पंचवीस वर्षांची लाल पांडा लेखा विभागात काम करते. तिचा साहेब तोन शब्दशः डुक्कर आहे. दिवसभर ती 'हो साहेब' म्हणते आणि संध्याकाळी कॅराओकेच्या बंद खोलीत एकटी जाऊन डेथ मेटल गाते. ते गुरगुरणे मालिकेचे दिग्दर्शक रारेको यांनी स्वतः केले आहे.

आसावरीताई, आपला जो आक्षेप आहे तो इथे लागू होत नाही. रेत्सुको जे ओरडते ते साहेबाविषयी, आयत्या वेळी डोक्यावर आदळलेल्या कामाविषयी आणि लग्नाची घाई करणाऱ्या आईविषयी असते. मी सकाळी सात त्रेचाळीसच्या लोकलमध्ये दाराजवळ उभी राहून हे भाग पाहिले आणि मला एकही शब्द परका वाटला नाही. मेटल हे राग मोकळा करण्याचे साधन आहे, एवढी साधी गोष्ट 'डेट्रॉइट मेटल सिटी'ला सांगता आली नाही आणि एका पांडाने ती एका मिनिटात सांगितली.

कर्कशवाणी

शुभदाताई, इथे माझा स्पष्ट मतभेद आहे. 'अग्रेत्सुको' उत्तम आहे, परंतु ती मेटलविषयी नाहीच. रेत्सुकोच्या जागी ती उशीला गुद्दे मारणारी मुलगी असती तरी कथा फारशी बदलली नसती. तिला आवडता बँड कोणता, ती कोणाचे कार्यक्रम ऐकायला जाते, यावर कथा कधीच रेंगाळत नाही. मेटल ऐकणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत हेच बोलतो आणि पुढची पन्नास मिनिटे थांबत नाही. दुसरे असे, की मेटल म्हणजे राग ही समजूत बाहेरच्यांची आहे. २००७ साली आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड बेंगळुरूला आला, तेव्हा पुण्या-मुंबईहून रात्रभर बसने गेलेल्या पोरांमध्ये मी होतो. त्या मैदानावर मला राग कुठेच दिसला नाही. अनोळखी मुले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तारसप्तकात गात होती.

शुभदा_डोंबिवली

@कर्कशवाणी, आपण बँडचे टी-शर्ट घालून मैदानावर जाऊ शकलात, याचा आनंद आहे. रेत्सुकोला ते कचेरीत कोणाला सांगताही येत नाही, आणि कथा नेमकी त्याचीच आहे. शिवाय चाहते हा विषय तिथेही येतो. तिसऱ्या हंगामात कर्ज फेडण्यासाठी ती एका लहानशा गायिकांच्या गटात सामील होते आणि एक पछाडलेला चाहता तिच्यावर हल्ला करतो. 'डेट्रॉइट'चे चाहते कितीही भयंकर गोष्टी बोलले तरी त्यांची भीती वाटत नाही. या एका गप्प, नीट कपडे घातलेल्या चाहत्याची मला खरी भीती वाटली.

मध्यसप्तक

शुभदाताईंचा हा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. 'डेट्रॉइट'मध्ये चाहता हा नेहमी समूह असतो आणि समूहाला हसणे सोपे असते, हे मान्य करावे लागेल.

वेंगुर्लेकर

आमच्या सिंधुदुर्गात दशावतारातला नट स्वतःच्या हाताने तोंड रंगवतो आणि एकदा मुकुट चढला, की गावचे मोठे लोकही त्याच्याशी त्या पात्राच्या मानाने वागतात. पहाटे तोच नट रंग पुसून, पेटारा आवरून पुढच्या गावाच्या वाटेला लागतो. त्यामुळे मला क्राउझरचे चाहते वेडे वाटले नाहीत, उलट ओळखीचे वाटले. फरक इतकाच, की आमचा नट रात्री राक्षस झाला म्हणून दिवसा रडत बसत नाही. नेगिशीचे दुःख मला म्हणूनच थोडे शहरी वाटते. आपण आतून 'खरे' कोण आहोत, हे एकदाच ठरले पाहिजे, असा त्याचा हट्ट आहे.

आसावरी_कुलकर्णी

आपण सर्वांनी इतके लिहिल्यावर मी मालिकेला आणखी एक संधी दिली आणि ज्यात नेगिशी गावी ओइताला जातो ती कथा पाहिली. धाकटा भाऊ तोशिहिको शिक्षण आणि शेतीतली मदत सोडून क्राउझरचा भक्त झालेला आहे. मोठा भाऊ समजावतो, तर त्याला कोणी विचारत नाही. शेवटी तो गुपचूप चिलखत चढवून क्राउझर म्हणून अवतरतो आणि नरकाच्या भाषेत त्याच भावाला शेतीच्या कामाला लावतो. तेच कर्कश शब्द, तोच आवेश, परंतु सांगायचे ते 'अभ्यास कर, आईला मदत कर' एवढेच.

इथे मी मोठ्याने हसले, हे नमूद करते. माझा मूळ आक्षेप मात्र कायम आहे, कारण या कथेने उलट तोच सिद्ध केला. गाय, शेत, आई आणि एक राक्षस एवढ्या सामग्रीवर इतका चांगला विनोद होऊ शकतो, तर इतर भागांत बलात्कार हा एकच शब्द घोळवण्याची काय आवश्यकता होती? बँडच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीची प्रमुख बाई स्वतःच्या जिभेवर सिगारेट विझवते, तिथपर्यंत मी समजू शकते. गाणे चांगले की वाईट हे ठरवण्याचे तिचे जे मोजमाप आहे, ते या संकेतस्थळावर लिहिता येणार नाही, आणि ते दर भागात ऐकल्यावर त्यातली धार पार जाते.

जुनी_कॅसेट

सादरीकरणाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. दिग्दर्शक हिरोशी नागाहामा यांनी त्याआधी २००५ साली 'मुशिशी' केली होती, आणि तिच्याइतकी संथ, धुक्यात बुडालेली मालिका क्वचितच सापडेल. त्याच माणसाने पुढे हा धिंगाणा घातला. 'डेट्रॉइट'चा भाग साधारण तेरा मिनिटांचा आणि त्यातही बहुधा दोन कथा. चित्रे मुद्दाम कच्ची, हालचाल तुटक, मांगाच्या चौकटी जशाच्या तशा पडद्यावर. विनोदाला श्वास घ्यायला वेळच दिलेला नाही आणि म्हणून तो जमतो. आसावरीताईंनी सलग भाग पाहिले असतील तर त्यांना कंटाळा येणे स्वाभाविक आहे. दिवसाला एक, याहून अधिक घेऊ नये.

ॲनिमेच्याच वर्षी, २००८ साली, याच कथेवर आलेला, केनइची मात्सुयामा नेगिशी झालेला चित्रपट मला कमी आवडतो. त्यात नेगिशीला फार गोड केले आहे आणि शेवटी सर्वांना स्वप्ने पाहण्याचा उपदेश होतो. मात्र किसच्या जीन सिमन्स यांनी त्यात जॅक इल डार्क या मेटल सम्राटाची भूमिका केली आहे. ज्यांच्या गाण्यावरून शीर्षक घेतले, तेच मंचावर क्राउझरसमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहतात, हे पाहण्यासाठी एकदा पाहावा.

खाडीपलीकडे

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण माझ्या मते एक बाजू पूर्ण सुटली आहे. आपण सगळे मेटलवर बोलत आहोत. नेगिशीला जे संगीत आवडते, त्याचे काय?

ते तोक्योच्या शिबुया भागातून नव्वदच्या दशकात फुललेले पॉप आहे. काहिमी कारी, कॉर्नेलियस, काजी हिदेकी ही त्यातली मंडळी. फ्रेंच चित्रपट, स्वीडिश गिटार, पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, सुंदर वेष्टनातल्या तबकड्या आणि चांगली अभिरुची थोडीशी मिरवणे. चित्रपटासाठी नेगिशीचे 'अमाइ कोइबितो' हे गोड गाणे करण्याचे काम काजी हिदेकी यांच्याकडेच दिले होते. म्हणजे ज्याची थट्टा करायची त्यालाच बोलावले, आणि त्याने थट्टा म्हणून वाईट गाणे लिहून दिले नाही. त्याने खरे, गुणगुणता येईल असे गाणे दिले. ते ऐकल्यावर मध्यसप्तक यांचे 'ज्यावर जीव आहे त्यात तो जेमतेम आहे' हे विधान चित्रपटापुरते तरी टिकत नाही.

त्यामुळे माझे उत्तर असे आहे. आपण हसतो ते अभिरुचीच्या उतरंडीला. नेगिशी स्वतःच्या चाहत्यांकडे नाक मुरडतो, कारण त्याच्या मते सुसंस्कृत माणूस स्वीडिश पॉप ऐकतो. पुढच्या रांगेतला, कपाळावर अक्षर काढलेला मुलगा मात्र कोणाकडेच नाक मुरडत नाही. त्याला फक्त क्राउझर हवा आहे. लेखक या दोघांत कोणाच्या बाजूने आहे, हे पुरेसे स्पष्ट आहे.

मध्यसप्तक

@खाडीपलीकडे, हे पटले, आणि वेंगुर्लेकरांच्या मुद्द्याशीही ते जुळते. तरी चित्रपटातले गाणे आणि मांगातला नेगिशी यांत मी फरक करीन. मांगाला आवाज नसतो, तिथे रस्त्यावर उभा राहून गाणाऱ्या नेगिशीसमोरून लोक निघून जातात एवढेच दिसते, आणि गाणे किती वाईट हे वाचकाने आपापल्या कल्पनेने ठरवायचे असते.

कर्कशवाणी

'अमाइ कोइबितो' आत्ताच ऐकले. चांगले आहे. हे मी लिहिले असल्याचे कृपया आमच्या बँडमधल्या कोणाला कळवू नये.

चहाटळ

पडदाप्रत (स्क्रीनशॉट) काढून ठेवली आहे. दर बोलण्यापुरते खुले आहेत.

ओसाकावासी

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी सुचवतो: आधी भावाची गावाकडची कथा, मग पहिला भाग, आणि आवडले तर पुढचे सगळे. माझ्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही आज विचारले. ते म्हणाले, मालिका ठीक आहे, परंतु बँडचे ड्रमवादन शंभरपैकी ७१ गुणांच्या वर जात नाही.